गोदामात उगवलेला माळ

एसटी हलली तेव्हा तात्या खिडकीखाली उभे होते. मेंढरं कुणाच्या तरी रानात बसवून ते फाट्यापर्यंत आले होते, त्यामुळे त्यांचा निम्मा जीव माझ्यात आणि निम्मा मेंढरांत. आई पदराने डोळे पुसत होती आणि तात्या एकच वाक्य पुन्हा पुन्हा सांगत होते, "मानसांत ऱ्हा, शालन. येकटी बसत जाऊ नगंस." सांगोल्याहून मिरज, मिरजेहून कोचीची गाडी. लग्नाला महिना झाला होता. आमच्या ह्यांचं तिथे गलाईचं दुकान, म्हणजे सराफांकडचं जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करून द्यायचं काम. आमच्या भागातली निम्मी पोरं या धंद्यापायी देशभर पांगली आहेत. तुमच्यातले कितीतरी जण तिकडे आसामात नाहीतर तामिळनाडूत बसून हे वाचत असतील. त्या एसटीत काय वाटतं ते तुम्हाला मी वेगळं काय सांगायचं!

कोचीत उतरले आणि हिरवळीने जीव दडपला. आमच्याकडे हिरवं दिसलं की समजायचं, कुणाच्या तरी विहिरीला पाणी आहे. इथे कंपाउंडच्या भिंतीलासुद्धा पालवी. कपडे वाळत नव्हते, मिठाला पाणी सुटत होतं, चपात्यांना बुरशी येत होती. मला मात्र आमचा उघडाबोडका माळ आठवायचा, जिथे नजर टाकली की थेट आभाळाला टेकते. गलाईच्या ॲसिडचा वास नाकात घेऊन मी वर्षभर माडीवरच्या खोलीत बसून काढलं. मग एक दिवस तात्यांचा आवाज कानात वाजला आणि चप्पल घालून खाली उतरले. मासेवाल्या बायकांशी हातवारे करत मल्याळम शिकले. दोन वर्षांत इतकी बोलू लागले, की आमचे हे गिऱ्हाइकांशी भांडण झालं की मलाच पुढे करायचे.

बंदराच्या बाजूला इंग्रजांची आणि त्यांच्याही आधीच्या व्यापाऱ्यांची जुनी गोदामं आहेत. मिरी, काथ्या, लोकर, काय काय तिथून जहाजात चढलेलं. आता त्यातल्या काहींत थंडीच्या दिवसांत चित्रांची प्रदर्शनं भरतात. तिथे खुर्चीवर बसून लोकांना "हात लावू नका" म्हणायला माणसं हवी होती. मी जाऊन बसले.

पहिल्याच वर्षी मी ज्या दालनात बसले, तिथे चित्र एकही नव्हतं. नुसती दारं होती. खाडीतल्या बेटांवर आता भरतीचं पाणी घराघरांत शिरतं, लोक घरं सोडून जातात. त्या सोडलेल्या घरांची दारं आणून एका रांगेत उभी केलेली. प्रत्येक दारावर खाऱ्या पाण्याची पांढरी रेघ, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत ती रेघ चढत चढत माझ्या छातीला आलेली. मी दिवसभर त्या रेघेकडे बघत बसले. आमच्याकडे पाणी येत नाही म्हणून घरं सोडतात, इथे पाणी येतं म्हणून. संध्याकाळी दारांशी एक बाई झाडू मारत होत्या. त्यांना मी हेच बोलून दाखवलं. झाडू खाली ठेवून त्या माझ्या शेजारी जमिनीवरच बसल्या. दारं त्यांनीच आणली होती. त्या अंबिका चेची. चेची म्हणजे थोरली बहीण. माझ्यासाठी ते पुढे खरंही झालं.

मला या बाईचं फार कौतुक वाटतं, आणि ते मी लपवणार नाही. एवढं नाव झालेली कलाकार, पण माती स्वतः चाळते. समोरचा बोलत असताना तिचे डोळे त्याच्या तोंडावरून हलत नाहीत. एकदा तिने मला एका जुन्या इंग्रजी नकाशाची नक्कल दाखवली. त्यात आमचा मुलूख फिकट रंगवलेला आणि वर लिहिलेलं, पडीक. मी म्हटलं, "चेची, हा तर आमचा माळ. सातबाऱ्यावर अजूनही पोटखराबाच लिहितात." मग मी तिला पवना, मारवेल, कुसळी अशी गवतं सांगत सुटले. पवन्यावर मेंढरू कसं पोसतं, कुसळ पायात कसं घुसतं, मेंढरांच्या लोकरीत अडकून बी कसं गावोगाव हिंडतं. आणि आता वळवाचा पाऊस एकदमच कोसळतो आणि वरची माती घेऊन जातो, उरलेल्या माळाला सोलरवाल्यांनी तारेचं कुंपण घातलंय, हेही सांगितलं. ती ऐकत राहिली आणि मग म्हणाली, "ज्याला त्यांनी रिकामं म्हटलं, ते मला या गोदामात उगवलेलं बघायचंय. तुझ्या वडिलांच्या मेंढ्यांची लोकर मिळेल?"

तिची कल्पना साधी होती. गोदामात जमिनीवर मातीचा थर घालायचा, त्यावर न धुतलेली, कुसळा-काट्यांसकट लोकर पसरायची आणि पाणी घालायचं. लोकरीत जे बी असेल ते उगवेल. पुढच्या प्रदर्शनात तिने त्यासाठीच एक दालन मागून घेतलं, दुसरं काहीच तयार ठेवलं नाही. मी तात्यांना फोन केला. म्हटलं, "प्रदर्शनात ठेवायला लोकर पाठवा. जशी असेल तशी चालेल."

आता आमच्याकडे पाहुण्याने "काहीही चालेल" म्हटलं म्हणून त्याला कुणी शिळी भाकरी वाढतं का? माझ्या हे ध्यानातच आलं नाही.

पोतं आलं. चेचीने दोरी कापली, आम्ही दोघींनी लोकर बाहेर काढली. काळीभोर, मऊ, उन्हाचा वास येणारी लोकर. कुसळ नाही, गोखरू नाही, काडी नाही. मी पोतं उलटं करून झटकलं. फोन लावला तर तात्या खुशीत.

"पोचली व्हय? आदी शेततळ्यात मेंढरं धुतली, मग कातरली. तुज्या आयनं आन् मी बसून येक येक कुसाळ येचलं. दिवाळी तशीच गेली बग. लेक मोठ्या जागी बसतीया, तितं घान कशी पाठवायची?"

"आन् कुसळं?" मी विचारलं.

"ती कशाला? चुलीत घातली की!"

मी फोन ठेवला आणि रडले. प्रदर्शन तोंडावर आलेलं, चेचीचं दालन मोकळं, आणि दुसरी कातरणी थेट उन्हाळ्यात. तिच्यापेक्षा मला तात्यांचं वाईट वाटत होतं. म्हाताऱ्या डोळ्यांनी दोघांनी केलेलं ते काम कुणाच्याच उपयोगाचं नव्हतं, आणि हे त्यांना सांगायचं कोणी? चेचीने मला सगळं पुन्हा एकदा विचारलं. मेंढ्या कशा धुतात, कोण धरतं, आई कुठे बसली असेल. मग लोकरीची एक लट तिने बोटांत घेतली, उजेडाकडे धरली आणि म्हणाली, "माझ्यासाठी एवढं कधी कुणी केलेलं नाही." ती रागावेल म्हणून मी सगळी तयारी ठेवली होती, आणि ती तर मला घट्ट धरून बसली.

तात्यांना खरं सांग, असं तिनेच सुचवलं. मी सांगितलं. मग तात्या म्हणाले, "म्हंजी त्यास्नी घानच पायजे हुती?"

"घाण न्हाय तात्या. बी."

"येक म्हातारी मेंढी कातरायची ऱ्हायलीया. आजारी हुती. पर तसलं पाठवायचं म्हंजी... तुज्या घरात लाज वाटाय नगं."

मागून आई ओरडली, "म्या न्हाय तसलं पाठवू द्यायची! लोकं काय म्हनतील पोरीला?"

त्या रात्री दोघांचं भांडण झालं म्हणे. आमच्या गलाईवाल्यांपैकी कुणीतरी सतत येत-जात असतंच. त्यांच्यातल्याच एकाबरोबर त्या म्हाताऱ्या मेंढीची लोकर आली, चिखल, लेंड्या, कुसळं, सगळ्यांसकट. आईने वरून स्वच्छ धुतलेलं फडकं मात्र गुंडाळलंच होतं.

चेचीने जमिनीचे दोन भाग केले. एकीकडे न निवडलेली लोकर, दुसरीकडे निवडलेली. माती तीच, पाणी तेच. पाणी घालायचं काम माझं. चार-सहा दिवस काहीच नव्हतं. मग गोखरू वर आला, आघाडा आला, पाठोपाठ गवताची पाती. गाजरगवतही आलं. ते कुठून तरी परदेशातून आलेलं. मी उपटायला वाकले तर चेचीने हात धरला. "तेही आता तिथलंच आहे ना?" काळ्या दगडी गोदामात, समुद्राच्या वाऱ्यात, आमचा माळ डुलत होता. मी खुर्चीवर बसून बघत राहायची. अभिमानाने छाती फुटेल की काय असं वाटायचं.

मला आश्चर्य वाटायचं ते दुसऱ्याच गोष्टीचं. लोक हिरव्या बाजूचे फोटो काढायचे आणि थांबायचे मात्र निवडलेल्या लोकरीच्या उघड्या बाजूपाशी, जिथे काहीच उगवलं नव्हतं. तिथे भिंतीवर चेचीने तीन भाषांत लिहिलं होतं: ही लोकर भागाबाई आणि बिरू यांनी मुलीच्या शब्दाखातर निवडून दिली. मराठी ओळ मी लिहून दिली. फोनवर वाचून दाखवली तेव्हा तात्या म्हणाले, "आमचं नाव कशापायी? आमचं तर काम चुकलं की."

आता मला कुणी विचारतं, घर कुठलं? पूर्वी मी चटकन सांगोला म्हणायची. आता अडखळते. तिकडे गेले की कपडे वाळतात याचंच नवल करते, आणि इकडे आले की माझ्या मुलाला मल्याळममध्ये रागावते. घर म्हणून नकाशात एक जागा दाखवायची म्हटलं तर मला नाही दाखवता येणार.

प्रदर्शन संपायला आलं होतं. सकाळी पाणी घालताना निवडलेल्या लोकरीच्या कोपऱ्यात मला दोन हिरवी पानं दिसली. वाकून बघितलं, आघाडा. मी तिथूनच व्हिडिओ कॉल लावला आणि फोन खाली धरला.

तात्या मनापासून हसले. आईला म्हणाले, "बग! म्हनलं हुतं, चष्मा लावून येच म्हनून. ऱ्हायलं न्हवं येक?"

आईने फोन हिसकावून इतका जवळ धरला, की मला तिचं नुसतं कपाळ दिसत होतं.

"शालन," ती म्हणाली, "कुनी उपटू नगा म्हनावं. लेकीकडं ऱ्हायला गेलंय ते."