तिसऱ्या बैलाची खांदेमळण

माझा पहिला काचेचा बैल भट्टीत फुटला तो आवाज उंद्रीपासून थेट लोणारपर्यंत गेला. तिथले लोक म्हणे विवराकडे धावले, दुसरी उल्का पडली म्हणून. चूक एवढीच, की मी सोड्याच्या बाटल्यांची काच आणि खिडकीची काच एकत्र घातली होती. निवताना दोन्ही वेगवेगळ्या आकसतात आणि एकमेकींना फाडतात. दुसऱ्या बैलाला मी गरम भट्टीचं झाकण उचलून डोळे भरून पाहिलं. गार वारा लागला आणि त्याचे इतके तुकडे झाले की बीबीच्या बाजारात कोणाच्या पायात काच रुतली तरी शिव्या मलाच.

भट्टी होती थोरल्या भावाच्या सोयाबीनच्या शेडमध्ये. त्याने निकाल दिला, "आता एकच बैल. तोबी फुटला त सोयाबीन निघायच्या आत हे डबडं बाहेर."

"दादा, असा बैल होईन का तुये खरे बैल मान खाली घालतीन!"

"घालू दे. पण अखंड निंगू दे."

या वेळी मी एकाच काचेतून बैलाचे थर कापले आणि पोळीवर पोळी ठेवावी तसे आडवे रचले. आचेने ते वितळून एकजीव होणार होते. शेवटचा थर कापताना काच कापायचा हिरा मोडला, म्हणून नवा आणायला चिखलीला गेलो. पोळ्याचा आदला दिवस. मी निघालो तेव्हा शेडबाहेर भाऊ बैलांच्या खांद्यांना तूप-हळद चोळत होता, आवतन देत होता, "आज आवतन घ्या, उद्या जेवायले या." परत आलो तेव्हा दिवेलागण झालेली. अंधुक उजेडात शेवटचा थर कापून घाईघाईने ठेवला आणि भट्टी पेटवली.

काच निवायला दिवस लागतात. स्वतःच्या लग्नातही मी एका जागी इतका बसलो नव्हतो. पोळ्याच्या दुपारपासून भावाचं एकच टुमणं, "उघड ना बे!"

"फुटन ना दादा!"

"मंग काय त्याले उपाशी मारतं?"

मी हसण्यावारी नेलं.

शेवटी झाकण उघडलं. बैल अखंड! शिंगाचं टोकसुद्धा शाबूत. खांद्यावर मात्र, काचेच्या आत, पांढऱ्या बुडबुड्यांचा पुंजका. नीट पाहिलं तर बोटं होती. तीन पुरती, एक अर्धं. अर्धं बोट इथून जालन्यापर्यंत एकाच माणसाचं. बाकीचं अर्धं कडबाकुट्टीने कधीच खाल्लेलं.

"दादा, हे काय?"

त्याने हात खिशात घातला. "तूप-हळद."

"काचेले?"

"बैल होता ना बे! तू चिखलीले गेला तवा सगळ्यायचे खांदे मळले, एकाचाच काऊन सोडू? आवतनबी देलं. अन् तू झाकण लावून बसला. पाहुणा बलावून उपाशी ठेवला आपण."

मी छाती फुगवून म्हणालो, "मंग, शेड?"

तो घरात गेला, पुरणपोळी घेऊन आला आणि बैलासमोर ठेवली. पोळा होऊन गेलेला. वहिनीला पुन्हा पुरण घालायला लावलं होतं.

सोयाबीन यंदा घरात, छतापर्यंत. भाऊ येईल-जाईल त्याला खांद्यावरची बोटं दाखवतो. वहिनी पोत्यांवरून चढून स्वयंपाकघरात जाते आणि माझ्याशी बोलत नाही.