अंदमानसाठी लेन्स

अंदमानची तिकिटं बायकोने काढली आणि लेन्सचा घोळ मी घातला. ती शाळेतून निवृत्त झाली होती, आयुष्यात तिने समुद्र पाहिला नव्हता, म्हणून हा प्रवास. मी मात्र तिकिटं झाल्यापासून मोबाइलवर लेन्सचे व्हिडिओ पाहत बसलो होतो. एकजण म्हणायचा, रुंद लेन्स न्या, अख्खा किनारा मावतो. दुसरा म्हणायचा, लांब लेन्स न्या, नाहीतर पक्षी ठिपक्याएवढे येतात. मी लांबवाल्यांच्या पक्षाचा. तीस वर्षं अमरावतीत वडाळीच्या तलावावर बगळे टिपत आलोय आणि एकाही बगळ्याने अजून तक्रार केलेली नाही.

तक्रार होती ती घरातून, आणि तिला कारण होतं. सासूबाई गेल्या तेव्हा तेरवीसाठी फोटो हवा होता. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण सगळ्या नात्यात कॅमेरावाला जावई मीच. मी रात्रंदिवस अल्बम उलथेपालथे केले. बगळे निघाले, खंड्या निघाला, चिखलदऱ्याचं धुकं तर नऊ प्रकारचं निघालं. सासूबाई निघाल्या त्या एका लग्नाच्या पंगतीत, कोपऱ्यात, हातात वाढायचं पातेलं घेऊन. स्टुडिओवाल्याने पातेलं कापलं, शेजारणीचं कोपर मात्र खांद्याशी राहून गेलं. चेहरा गुळगुळीत केला, सुरकुत्या पुसल्या, हनुवटीवरचा तीळही डाग समजून पुसला. हार घालून भिंतीवर लावलेली ती बाई कोण, हे तेरवीला आलेले लोक खालचं नाव वाचून ओळखत होते.

म्हणून अंदमानचं ठरल्यावर बायकोने एकच मागणं केलं. पोळ्या लाटता लाटता, अगदी सहज.

"समुद्रासमोर माह्या एकटीचा एक धड फोटो काढा. माह्या तेरवीले मले कोणाच्या लग्नातून कापून काढू नका."

मी म्हटलं, काढू की. आणि पुन्हा व्हिडिओ लावला.

जुन्या लेन्स घेणारा-विकणारा एक दुकानदार अकोल्यात होता. स्वतः लग्नांचे फोटो काढून काढून केस पांढरे केलेला माणूस, सगळे त्यांना भाई म्हणतात. माझ्याकडची छोटी लेन्स द्यायची आणि वर भर घालून त्याची लांब लेन्स घ्यायची, असा माझा बेत होता. बायको सोबत आली. मला एकट्याला कोणत्याही दुकानात सोडायचं नाही, हा तिचा जुना नियम आहे.

भाईंनी माझी छोटी लेन्स हातात घेतली, मोबाइलची बॅटरी लावून आरपार पाहिली आणि विचारलं, "साहेब, समुंदरावर नेली होती का?"

मी म्हटलं, समुद्र अजून आम्हीच पाहिला नाही. त्यांनी मला काच दाखवली. आत पांढऱ्या बारीक धाग्यांचं जाळं पसरलं होतं. बुरशी.

"मग कूलरसमोर ठेवली असन."

ठेवली होती. आमच्याकडे उन्हाळ्यात घरातल्या सगळ्यात लाडक्या जिवाला कूलरसमोरची जागा मिळते, आणि मार्च ते जून ती जागा माझ्या कॅमेऱ्याच्या बॅगेची होती. लेन्सला ऊन बाधू नये म्हणून मी तिला रात्रभर ओली हवा पाजत होतो. भाई म्हणाले, वऱ्हाडातल्या कोरड्या हवेत लेन्स माणसापेक्षा जास्त जगते, पण आपले लोक कूलर लावून तिला मारतात. बायकोने फक्त एवढंच सांगितलं की त्या बॅगेपायी ती स्वतः तीन उन्हाळे दारापाशी झोपली. भाई हसले नाहीत, पण त्यांना काउंटरखाली काहीतरी शोधावंसं वाटलं.

मी विषय बदलला आणि लांब लेन्स मागितली. दोन किलोचं ते धूड कॅमेऱ्याला लावल्यावर मला बरंच वाटलं. भाईंनी विचारलं, तिकडे काढायचं काय आहे? मी पक्षी, होड्या अशी यादी सुरू केली. बायको म्हणाली, मी. भाई म्हणाले, मग भाभींचाच काढून पाहा.

दुकानात ती लेन्स धरून उभं राहिलो तर नुसतं बायकोचं नाक दिसत होतं. मागे सरकलो. पायरी उतरलो. रस्ता ओलांडून समोरच्या पानठेल्याला पाठ टेकली, तेव्हा कुठे तिचा चेहरा चौकटीत मावला. मध्ये एक ऑटो आला, मग दोन मोटरसायकली, मग कडब्याने भरलेला ट्रॅक्टर. ट्रॅक्टर गेला तेव्हा ती स्टुलावर बसली होती आणि भाईंनी मागवलेला चहा पीत होती.

परत आलो तर भाईंनी ते धूड काढलं आणि स्वतःच्या वापरातली एक छोटी, साधी लेन्स लावून दिली. म्हणाले, हिच्यासाठी माणसापासून दोन हातांच्या अंतरावर उभं राहावं लागते.

मी दोन हातांवर उभा राहिलो. इतक्या जवळून कॅमेरा रोखल्यावर बायको आधी पासपोर्टच्या फोटोसारखी ताठ झाली. मग म्हणाली, काहून इतके वाकून राहिले, पाठ धरन. ते बोलताना तिला हसू आलं आणि मी बटण दाबलं.

भाईंनी फोटो पडद्यावर मोठा केला. भांगातले पांढरे केस, कपाळावरच्या आठ्या, ओठांशेजारच्या रेघा, सगळं स्वच्छ आलं होतं. ते म्हणाले, भाभी, एक बटण दाबलं की हे सगळं साफ होते.

बायको पडद्याजवळ वाकली.

"राहू द्या," ती म्हणाली. "आई अशीच दिसे."

मी पाहिलं. खरंच, सासूबाईच होत्या. पंचवीस वर्षं त्या माउलीच्या हातचं जेवलो, तेव्हा दर वेळी माझ्या गळ्यात कॅमेरा होता आणि मी एकदाही त्यांच्यासमोर असा दोन हातांवर उभा राहिलो नव्हतो. मला फार लाज वाटली. मी भाईंना म्हटलं, हीच द्या, आणि कॅमेरा पुन्हा डोळ्याला लावला.