देखभाल करणाऱ्याचं नाव

माझ्या जन्माआधी, सीमेवरच्या लढाईत वडिलांचा पाय सुरुंगावर पडला आणि गुडघ्याखालून गेला. तेव्हा ते बावीस वर्षांचे होते, लग्नाला जेमतेम वर्ष झालेलं. लढाई थोड्या दिवसांत संपली. आता ते पंचाहत्तरी ओलांडून गेलेत आणि सरकार अजून त्या लढाईचे पैसे भरतंय. दरमहा पेन्शन येते, आणि जुना पाय झिजला की पुण्याला नवा बसवून मिळतो. लहानपणी मला वाटायचं, आम्हाला शाळेचा गणवेश मिळतो तसा सगळ्यांच्याच वडिलांना मधूनमधून पाय मिळतो.

आमचं गाव घनसावंगीजवळ. तिथली चार एकर कापसाची जमीन आईनंच कसली. उन्हाळ्यात घामानं जखमा झाल्या की वडिलांना महिना महिना पाय लावता येत नसे. मग त्यांना खांद्याचा आधार देऊन न्हाणीपर्यंत नेणं, जखम धुणं, हेही तिच्याकडेच. ती सातवी पास. तिला अंगणवाडीची नोकरी मिळत होती, पण त्यासाठी तीन महिने जालन्याला शिकायला राहावं लागणार होतं. ती गेली नाही. हे तिनं मला एकदाच सांगितलं, तेही शेंगा फोडताना, दुसऱ्याच कुणाची गोष्ट सांगावी तसं.

तीन वर्षांपूर्वी मी दोघांना जालन्याच्या एका कार्यालयात घेऊन गेले. वडिलांची माहिती नव्यानं भरून द्यायची होती. खिडकीतला कारकून फॉर्मचा एकेक रकाना वाचत होता.

"देखभाल कोण करतं?"

"कुणी न्हाई," वडील म्हणाले. "माझं मीच करतो."

आई बाकावर त्यांची काठी मांडीवर घेऊन बसली होती. ती गुडघे चोळत राहिली. मला राग आला, पण चारचौघांत मी फक्त सही कुठे करायची ते त्यांना दाखवलं.

परतताना अंबडच्या स्टँडवर बस बदलायची होती. वडील आधी उतरले. आई दारातच अडली, तिचे गुडघे वळेनात. मागची माणसं खोळंबली. वडिलांनी वर हात केला, तर आईनं सवयीनं त्यांच्यापुढे खांदा केला. त्यांना धरायला. वडील तसेच बघत राहिले.

चहा पिताना ते म्हणाले, "उद्या परत जायचं. मी चुकीचं सांगितलं."

"आण्णा, एवढ्यानं काय फरक पडतो?"

"पडतो."

दुसऱ्या दिवशी त्यांनी आईला खिडकीपाशी पुढे उभं केलं. "साहेब, कालचा रकाना दुरुस्त करा. देखभाल हिनं केली. पन्नास वर्षं."

"आजोबा, देखभालीच्या भत्त्याचे मागचे पैसे मिळायचे न्हाईत. नियमात बसत न्हाई."

"पैशासाठी न्हाई आलो. सरकारला वाटत असंल, माझ्या पायाचा सगळा खर्चा त्यानंच केला. अर्धा हिनं केलाय. तेवढं लिहा."

कारकुनानं आईला नाव विचारलं. तिनं पदर सारखा केला आणि पूर्ण नाव सांगितलं. मग म्हणाली, "सातवी पास, ते बी लिहा." तसा रकाना नव्हता. त्यानं हसून कडेला लिहिलं. आईच्या चालण्याकडे बघून त्यानंच सांगितलं, की वडिलांच्या माजी सैनिकाच्या कार्डावर तिच्याही गुडघ्याचं ऑपरेशन फुकट होतं. एवढ्या वर्षांत आम्ही कुणी विचारलंच नव्हतं.

ऑपरेशन झालं, पण आई उभी राहायला घाबरायची. डॉक्टरांनी पाठवलेली बाई चालायचा व्यायाम शिकवून गेली की वडील वॉकरच्या पुढे उभे राहायचे. "टाच आधी, मंग पंजा. खाली बघू नको, माझ्याकडं बघ."

"पडले म्हंजी?"

"मी किती डाव पडलो, मोजले बी न्हाईत. उठता येतं."

दवाखान्यात लाकडी पायावर उभं राहताना जे शिकले होते, ते सगळं त्यांनी तिला दिलं. ती आधी ओट्यापर्यंत चालली, मग रस्त्यापर्यंत.

गेल्या हिवाळ्यात दोघं जीपनं जांब समर्थला गेले, मला न सांगता. नंतर आईनंच सांगितलं. देवळापाशी वडिलांना दम लागला, ती चार पावलं पुढे गेली होती. ती थांबली आणि म्हणाली, "या सावकाश. मी हाय उभी."