काटेवाल्या काकांचं एक खरं वाक्य

काटेवाल्या काकांनी फोरमनचा संसार मोडला, असं आमच्या इमारतीत शेंबडं पोरसुद्धा सांगतं. काकांनी म्हणे त्याचे कान भरले, तो बायकोवर पेटला आणि ती घर सोडून गेली.

साफ खोटं. काका तर तिला थांबवायला धावले होते.

वजनकाटे दुरुस्त करायच्या कारखान्यात हे दोघं जिवलग समोरासमोर बसत. कामगारांच्या नाटकात फोरमन संशयी राजा झाला आणि काका त्याला राणीविरुद्ध भडकवणारा दिवाण. नाटक इतकं रंगलं की दुसरा प्रयोग ठरला. संवाद विसरू नयेत म्हणून दोघांनी एक खेळ काढला. कामाच्या मध्येच, न सांगता, एकाने वाक्य टाकायचं. दुसऱ्याला झेलता आलं नाही तर चहा त्याच्याकडून. काका पारडं टांगता टांगता घोगऱ्या आवाजात म्हणत, "महाराज, राणीसाहेबांवर जरा नजर असू द्या." फोरमन पान्हा उगारून गरजे, "जीभ छाटीन, दिवाण!"

एका दुपारी काका धापा टाकत आत आले. घसा सुकलेला, आवाज घोगरा. "अरे, वहिनी स्टँडवर बसल्यात. हातात बॅग आहे, रडतायत. ऊठ!"

"जीभ छाटीन, दिवाण!" सगळा कारखाना खो खो हसला.

"नाटक नाही रे हे!"

"वाक्य नवीन घातलंस की! चहा तुझ्याकडे."

त्याला खरं वाटेपर्यंत बस सुटली होती. वहिनी का गेल्या, ते त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. फोरमनला मात्र भलताच काटा रुतला. "माझ्याशी चार शब्द बोलायची नाही ती, आणि तुझ्यापुढे रडली?" त्याने काकांशी बोलणं टाकलं. मग जिन्यात, नळावर, न्हाव्याच्या खुर्चीत एकच सांगत सुटला: यानेच माझा संसार मोडला. लोकांनी नाटक पाहिलेलं. दिवाणाला दोषी धरायला त्यांना कितीसा वेळ लागणार?

याला अकरा वर्षं झाली. काका जिन्यात दिसले की बायका आवाज खाली घेतात. काही दिवस तर ते फक्त वाण्याशी बोलतात, तेही "पाव किलो साखर" एवढंच. वरच्या मजल्यावर फोरमन खोकला की हातातला घास थांबतो.

मी त्यांच्याशी पैज मारली: आठ दिवसांत तुमच्या तोंडून फोरमनबद्दल एक तरी वाईट शब्द काढते. काढला नाही तर तुम्ही सांगाल ते काम.

"मार," म्हणाले.

रोज मी फोरमनचा आवाज काढून त्याचे टोमणे ऐकवायचे. "तो काटेवाला? अस्तनीतला निखारा!"

"म्हणाला असेल."

"मेला तरी खांदा देणार नाही!"

"त्याचा खांदा दुखतो गं, पूर्वीपासून."

आठव्या दिवशी ठेवणीतलं सगळं बाहेर काढलं. काका डोळे मिटून ऐकत होते. "चिडला की तो शेवटचा शब्द गिळतो. तू पुरा म्हणतेस. पुन्हा म्हण."

म्हटलं.

"आणखी एकदा."

हरले मी. काम काय, विचारलं. रोज संध्याकाळी पाच मिनिटं येऊन त्या आवाजात बोलायचं.

"पण बोलू काय?"

"काहीही बोल. शिव्या दिल्यास तरी चालतील."