मिन्युएटकाका

आमच्या शेजारचे काका ड्राइव्हवेवरचा बर्फसुद्धा तालात काढत. एक-दोन-तीन, एक-दोन-तीन. आठवडाभर पंपांची ड्रॉइंग तपासणारे हे नागपूरचे इंजिनिअर दर मंगळवारी संध्याकाळी आमच्या नेपरव्हिल गावच्या हौशी ऑर्केस्ट्रात, दुसऱ्या रांगेत बसून व्हायोलिन वाजवायचे. दोन-अडीचशे वर्षांपूर्वी युरोपातल्या दरबारांत लोक ज्यावर नाचत, तो मिन्युएट त्यांचा सर्वांत लाडका. म्हणून आम्हा मराठी मंडळींत त्यांचं नाव मिन्युएटकाका.

"हे कानांचं म्युझिक नाही, पायांचं आहे," ते म्हणत. "समोरचा बसून राहिला, तर वाजवणाऱ्याचं चुकलं."

त्यांची बायको मात्र बसूनच असायची. दर फेब्रुवारीत चर्चच्या हॉलमध्ये ऑर्केस्ट्रा वाजवी, डान्स क्लबातली जोडपी नाचत, आणि काकू भिंतीशी सगळ्यांचे कोट सांभाळत. मी एकदा विचारलं, "काकू, तुम्हाला नाही नाचावंसं वाटत?"

"वाटतं गं. पण माझा जोडीदार तिकडे स्टेजवर आहे."

हे मी काकांना सांगायला हवं होतं. गंमत समजून सोडून दिलं.

पुढच्या उन्हाळ्यात काकूंना कॅन्सर निघाला. ऑक्टोबरात, मी डबा घेऊन गेले होते तेव्हा, त्या माझ्यासमोरच काकांना म्हणाल्या, "अहो, येत्या फेब्रुवारीत वाजवू नका. माझ्याबरोबर नाचा." काकांनी उठून ऑर्केस्ट्राच्या कंडक्टरला फोन केला आणि आपलं वाजवणं कॅन्सल केलं.

मग बेसमेंटमध्ये प्रॅक्टिस सुरू झाली. कॅसेट लावायचं काम माझं. मिन्युएटमध्ये कवेत घ्यायचं नसतं, नुसती बोटांची टोकं धरायची; काकूंना ते फार पसंत होतं. काकांची पावलं सारखी चुकत. "बोटांना येतं ते पायांना कसं येत नाही हो तुमच्या?" काकू हसायच्या, आणि दम लागून पायरीवर टेकायच्या. डिसेंबरात एकच फेरी जमे. जानेवारीत काका एकटेच पावलं टाकत, आणि काकू पायरीवरून चुका दाखवत.

कार्यक्रमाला नऊ दिवस उरले असताना त्या गेल्या.

काका तरीही हॉलवर आले. दुसऱ्या रांगेतली त्यांची खुर्ची कंडक्टरने रिकामी ठेवली होती. तिकडे ते गेले नाहीत. दाराशी माझ्याजवळ उभे राहिले. मिन्युएट सुरू झाला तेव्हा हळूच म्हणाले, "बावीस वर्षं मी नोटेशनकडे बघत होतो, नीता. मान वर केली असती तर ती दिसली असती."

वसंतात घर विकून ते मुलाच्या गावी, अल्फारेटाला गेले. मी फोनवर विचारलं, "काका, व्हायोलिन वाजवता ना?"

"नाही गं. इथं जुने नाच शिकवतात, तिथं जातो. जोडीदार नसला तरी चालतं म्हणाले. आधी समोर कोणीतरी उभं आहे असं समजून वाकून नमस्कार करायचा. तेवढं येतं मला. त्यापुढचं पाऊल उचलत नाही."