कागदावरचा रेडिओ

पेणच्या रामवाडीत दिनानाथांकडे रेडिओ दुरुस्तीला आणणारं आता कुणी उरलं नव्हतं, पण त्याचं त्यांना फारसं सोयरसुतक नव्हतं. रेडिओ गेले तरी रेडिओच्या जाहिराती होत्या, आणि त्याही जपानी. साठ वर्षांपूर्वीच्या मासिकांतली पानं ती. खिशात रेडिओ घालून डोंगर चढणारा चष्मेवाला, कानाशी रेडिओ धरलेली किमोनोतली बाई, होडीत गळ टाकून बसलेला म्हातारा आणि त्याच्या मांडीवर रेडिओ. अशी एकशे बारा पानं लोखंडी ट्रंकेत होती. काही चोरबाजारातली, काही बोटीवर नोकरी करणाऱ्या ओळखीच्या पोरांनी आणलेली, आणि अलीकडे काही सून स्वप्नालीने मोबाईलवरून मागवलेली. जपानी त्यांना ओ की ठो येत नव्हतं. तीन अक्षरं तेवढी ओळखायचे. जपानी माणूस रेडिओला 'राजिओ' म्हणतो, हे ते आल्यागेल्याला सांगत, आणि त्यांची बायको शकू नेमकी तेव्हाच चहा ठेवायला उठे.

"बोलत नाय तो रेडिओ जमवतात," ती शेजारणींना सांगायची. "सासूबाईंची खोड हाय ती, रक्तात उतरलीय."

त्यात खोटं काही नव्हतं. घर मूळचं रोह्याजवळचं, भातशेतीवालं. थोरला भाऊ पुंडलिक एकोणिसाव्या वर्षी मालवाहू बोटीवर खलाशी म्हणून लागला आणि पहिल्याच खेपेत जपान बघून आला. आईने निघताना सांगितलं होतं, रेडिओ आण. रेडिओ काही पोराला झेपला नाही. दुकानदाराने हातात दिलेलं जाहिरातीचं पान तेवढं तो घेऊन आला. मधोमध लालभडक रेडिओ, त्याला कातडी पट्टा, बाजूला गालात हसणारी मुलगी.

"ह्यो बघ, आये. पुढल्या खेपेला ह्योच आणतो."

आईने ते पान चार चुका ठोकून भिंतीला लावलं. संध्याकाळी सात वाजले की ती त्याच्यासमोर बसायची, आणि पोरांनी गलका केला की दटावायची, "गप्प बसा रे, बातम्या लागल्यात!" सगळं घर हसे. पुंडलिकही हसे.

पुढली खेप झालीच नाही. पुंडलिकाला कावीळ झाली, बोट त्याला न घेता गेली, आणि पुन्हा कुणी कामावर घेतलं नाही. एका दिवाळीला घर पाहुण्यांनी भरलेलं असताना आठ वर्षांचा दिनानाथ म्हणाला, "दादा, तुझा रेडिओ बोलत कसा नाय?" पाहुणे पोट धरून हसले. पुंडलिक हसला नाही. तेव्हापासून तो त्या भिंतीकडे पाठ करून जेवायला बसू लागला. पुढे रोह्याच्या कंपनीत लागला, शिफ्टा करून करून रिटायर झाला, पण त्या कागदाचं नाव त्याने कधी काढलं नाही.

दिनानाथ रेडिओ मेकॅनिक झाले आणि आईला खराखुरा रेडिओ नेऊन दिला. तिने तो ऐकला, पण भिंतीवरचा कागद काढू दिला नाही. "ह्यो बोलतो रे," ती म्हणाली, "पण तो माझ्या पुंडल्याने आणलाय." हे दादाला सांगायला हवं होतं, पण दिनानाथांची जीभ रेटली नाही. आई गेल्यावर त्यांनी तो कागद उतरवून पेणला आणला आणि त्याला सोबत म्हणून बाकीचे जमवत गेले. लोकांना तो छंद वाटे. पोरवयातलं ते एक वाक्य छातीत रुतून बसलंय, हे त्यांनी शकूलाही सांगितलं नव्हतं.

यंदा मे महिन्यात पुंडलिकाच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पंधरा दिवसांनी त्याचा फोन आला.

"दिन्या, डोळा झ्याक झालाय. रविवारी ये. आणि येताना आयेचा रेडिओ घेऊन ये. बघायचाय मला."

साठ वर्षांत पहिल्यांदा.

गुरुवारी संध्याकाळी त्यांनी ट्रंकेतून तो कागद काढला. प्रवासात मुडपू नये म्हणून दोन वर्तमानपत्रांच्या घडीत सपाट ठेवला आणि घडी दाराजवळच्या स्टुलावर ठेवून दिली. इथेच हुशारी नडली. त्यांच्या आळीतली जुनी वर्तमानपत्रं रद्दीवाल्याकडे जात नाहीत. समोरच्या वैशालीचा कागदी लगद्याचे गणपती करायचा कारखाना आहे. दर शुक्रवारी सकाळी आळीतल्या बायका आपापला गठ्ठा तिच्याकडे पोचवतात. देवाचं काम, म्हणून वर्तमानपत्राला साधं तेलाचं बोटही लागू देत नाहीत.

शुक्रवारी जेवताना दिनानाथांना स्टूल रिकामं दिसलं.

"इथली वर्तमानपत्रं कुठं हायत गो?"

"वैशालीकडं दिली. आज शुक्रवार नाय का?" शकू बोलून गेली, मग त्यांचा चेहरा बघून हातातली पळी घेऊन तशीच खाली बसली. "अहो, त्यात काय व्हतं?"

कारखान्यात कागद सकाळीच भिजवून दळून झाला होता. दिनानाथांनी कोपरापर्यंत हात टबात घातला. राखाडी लगदा बोटांतून ओघळला. लाल रंग कुठेच नव्हता. ते कुणावर ओरडले नाहीत. ओरडणार कुणावर? घडी स्वतःच्या हाताने घातलेली.

वैशालीच्या डोळ्यांत पाणी आलं. "काका, दुसऱ्या कशात मिसळत नाय ह्यो लगदा. आत्ताच साच्यात भरते. पहिली मूर्ती तुमची."

रविवारी दिनानाथ टॉवेलात गुंडाळलेली वीतभर मूर्ती मांडीवर घेऊन रोह्याच्या गाडीत बसले. अजून दमट होती, टॉवेल ओलावला. वाटभर ते थापा जुळवत होते. विसरलो म्हणावं का? वाळवी लागली म्हणावं? रोहा आलं तरी एकही थाप जमेना.

पुंडलिक आंघोळ करून, काळा चष्मा लावून ओटीवर वाट बघत बसला होता.

"आणलास?"

दिनानाथांनी सगळं खरं सांगितलं आणि टॉवेल सोडून मूर्ती त्याच्या हातात दिली. पुंडलिकाने ती मांडीवर ठेवून घेतली.

"इतकी वर्षं पाठ करून बसलो," तो म्हणाला. "म्हटलं, आता एकदा तोंड करून बसावं."

मग दिनानाथांना राहवेना. "दादा, दिवाळीला मी बोललो ते..."

"पोर व्हतास. आणि खरं तेच बोललास."

"नाय, दादा. मी आयेला बोलणारा रेडिओ दिला तरी तिने तुझा काढू दिला नाय. म्हणाली, तो माझ्या पुंडल्याने आणलाय."

पुंडलिकाने चष्मा काढला. मूर्ती उन्हाकडे धरून नव्या डोळ्याने पुढून-मागून नीट बघितली. रंग नव्हता, डोळ्यांची आखणी व्हायची होती. अजून देव झाला नव्हता, नुसता कागदच होता. त्याने तो दोन्ही हातांनी उचलून कानाशी नेला.

"दादा, मला माफ..."

"गप्प बस रे," पुंडलिक म्हणाला. त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं. "बातम्या लागल्यात."