पार्बताबाई कुठंच जात नव्हत्या

गेल्या आठवड्यात तुम्ही कुठं कुठं गेलात, कसे गेलात, हे छातीवर हात ठेवून सांगता येईल तुम्हाला? तोऱ्यात हो म्हणू नका. मीही म्हटलं होतं.

चांदूर रेल्वेच्या अलीकडे, हमरस्त्यापासून तीन किलोमीटर आत आमचं गाव. सकाळची बस मिळावी म्हणून मी भांडत होतो. एसटी आगाराचे साहेब म्हणाले, रोज किती लोक जातात ते लिहून आणा. मग वही घेऊन मीच घरोघर फिरलो. सातवीत शाळा सुटली म्हणून काय झालं, रकाने आखता येतात मला.

पार्बताबाई तेव्हा साठीच्या. हमरस्त्यावरच्या शाळेत खिचडी शिजवायच्या. नवरा गेल्यापासून तेवढाच आधार. गुडघे दुखू लागले होते; बस आली तरच ते काम टिकणार होतं.

"मावशी, रोज प्रवास करता काय?"

"मी कुठी जातो बापा! दिवाळीले पोरीकडं, अकोल्याले. बस्स."

मी लिहिलं: शून्य. बहुतेक बायांच्या नावापुढं तेच. बाप्ये ऐटीत सांगत, "आपली गाडी हाय!" साहेबांनी वही चाळून परत केली. "मग बस कोणासाठी?"

मी तणतणत मावशींच्या दारात. "रोज सहा किलोमीटर तुडवता, अन् सांगतलं काहून नाही?"

"तो परवास होय काय रे? ते त काम होय. परवास म्हंजे नवं लुगडं, हातात पिशवी." मग माझ्याकडं रोखून बघत, "अन् तुले माईत नोतं? पानठेल्यावर बसून रोज 'मावशी, सावकाश' कोन म्हने?"

मी वही काखेत मारून निघालो.

वही त्याच दिवशी नव्यानं करायला हवी होती. पण माझा अहंकार दुखावला होता. मी साहेबांशीच भांडत बसलो. तेवढ्यात पावसाळा लागला. काळ्या मातीत चपला रुततात म्हणून मावशी त्या हातात धरून चालायच्या. श्रावणात नाल्याच्या रपट्यावर, पाणी वरून वाहतं त्या बुटक्या पुलावर, घसरून पडल्या. गुडघा गेला. शाळेत दुसरी बाई लागली.

परवा नवी वही घेऊन गेलो. प्रश्न बदलला होता. "मावशी, काल उठल्यापासून कुठं कुठं गेलत्या?"

ओट्यावर बसल्या होत्या. शाळेच्या वाटेकडं बघत म्हणाल्या, "कुठीच नाही बापा."

मी पुन्हा शून्य लिहिलं. या वेळी ते खरं होतं.

तुमच्या गावातही कोणी अशी वही घेऊन येईल. घरची बाई "मी कुठंच जात नाही" म्हणाली, तर लिहिणाऱ्याचा हात धरा. ती रोज किती चालते, हे तुम्ही पाहिलंय. तुम्ही सांगा.